नाडी कुणाची, हिशेब कुणाचा

बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचा प्रयोग सुरू केला, त्याची बातमी आता जुनी झाली. सुमारे हजार शेतकरी त्यात घेतले गेले. प्लॉटमध्ये हवामान केंद्राचा खांब, जमिनीत ओलावा आणि तापमान मोजणारे सेन्सर, वरून उपग्रहाची नजर, आणि या सगळ्याचं सार शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत : आज पाणी द्या, आज देऊ नका. २०२५च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या प्रयोगाचं उदाहरण जगाला दिलं, तेव्हा नीरेच्या खोऱ्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती चित्रफीत फिरली. मलाही बरं वाटलं. ज्या मुलखात १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा आला आणि मग ऊस आला, १९३०च्या दशकात वालचंदनगर उभं राहिलं, पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर असे सहकारी कारखाने आले, तिथे उसाला आपली तहान सांगता यावी हे शोभूनच दिसतं.

पण हा ऊस वाढला की तो तोडायला माणसं येतात. बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून, दिवाळीच्या आगेमागे, बैलगाड्या किंवा ट्रॅक्टर घेऊन. इंदापूर-बारामतीच्या रस्त्याकडेला त्यांच्या खोपी पडतात. उसाच्या बुडाशी काय चाललं आहे ते आपल्याला तासातासाला कळतं. तो ऊस वाकून तोडणाऱ्या बाईच्या शरीरात काय चाललं आहे, हे मात्र कुठल्याच पडद्यावर उमटत नाही.

या विरोधाभासावर भावुक होणं सोपं आहे. मला त्यापेक्षा त्याचा इतिहास पाहावासा वाटतो. अंगावर बांधायची मापनयंत्रं कुठून आली, ती कुणाच्या अंगावर तपासली गेली, आणि निघालेला आकडा कुणाच्या वहीत लिहिला गेला? हे पाहिलं की उद्या कुणी इंदापूरच्या फडात मनगटी यंत्रांचा खोका घेऊन आलं, तर त्याला काय विचारायचं ते कळतं.

बोटांपासून घड्याळापर्यंत

आपल्याकडे नाडीपरीक्षा अनादि काळापासून चालत आली, असा समज आहे. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत मात्र ती नाही. नाडीपरीक्षेचं व्यवस्थित वर्णन येतं ते मध्ययुगातल्या शार्ङ्गधर संहितेत. तिथे नाडीची चाल प्राण्यांच्या चालीवरून ओळखायची असते : साप, बेडूक, हंस. वैद्याच्या तीन बोटांना जे कळलं ते वैद्यालाच कळलं, ते दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. सतराव्या शतकाच्या आरंभी इटलीत सांतोरिओने लंबकाची दोरी कमीजास्त करून नाडीचा वेग जुळवायचं उपकरण केलं. १७०७मध्ये इंग्लंडच्या जॉन फ्लॉयरने ‘फिजिशियन्स पल्स वॉच’ हे पुस्तक लिहिलं आणि नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारं घड्याळ वापरलं. नाडीचा ‘स्वभाव’ मागे पडून ‘ठोके’ पुढे आले ते या वळणावर. आकड्याचा एक मोठा गुण असा की तो लिहून ठेवता येतो, दुसऱ्या गावी पाठवता येतो, दुसऱ्या माणसाच्या आकड्याशी ताडता येतो. त्याचा मोठा धोकाही तोच.

पुढची अडचण होती ती माणूस हलतो ही. हृदयाचा आलेख विसाव्या शतकाच्या आरंभी आइन्थोव्हेनने शक्य केला. त्याचं यंत्र प्रयोगशाळेतून हलवण्याजोगं नव्हतं, म्हणून १९०५मध्ये त्याने इस्पितळातल्या रुग्णाचे संकेत सुमारे दीड किलोमीटर तारेवरून प्रयोगशाळेत आणले. यंत्र रुग्णापर्यंत जाईना म्हणून रुग्णाची नाडी यंत्रापर्यंत आली. नॉर्मन होल्टर या अमेरिकन माणसाने उलट केलं. मोंटाना राज्यातल्या हेलेना गावी त्याने १९४९च्या सुमारास हृदयाचे संकेत रेडिओने पाठवणारं यंत्र पाठीवर बांधलं. त्याचं वजन होतं सुमारे ३८ किलो. आपल्याकडे ऊस तोडून बांधलेली मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई साधारण तेवढंच ओझं वाहते, पण ते दिवसभर आणि पुन्हा पुन्हा. होल्टरचा ‘सायन्स’मधला लेख १९६१चा. त्यानंतर ते यंत्र खिशात मावेल एवढं झालं, आणि आज ‘होल्टर लावलाय’ हे वाक्य बारामतीतल्या कुठल्याही हृदयरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात ऐकू येतं.

घामाचं मोजमाप

होल्टरला रुग्णाचं हृदय हवं होतं. त्याच काळात दुसरी एक मंडळी कामगाराच्या अंगावर यंत्रं बांधत होती. त्यांना हवी होती त्याची ताकद.

१९११मध्ये क्लॉड डग्लस या इंग्रज शास्त्रज्ञाने पाठीवर बांधायची मोठी हवाबंद पिशवी केली. माणसाने काम करताना सोडलेला श्वास तिच्यात गोळा करायचा, त्यातला ऑक्सिजन तपासायचा, आणि या कामाला किती उष्मांक खर्च झाले ते काढायचं. १९४०मध्ये जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या श्रमशरीरशास्त्र संस्थेतल्या कोफ्रानी आणि मिखाएलिस यांनी तिची सुटसुटीत आवृत्ती केली : चार किलोच्या आतलं, दप्तरासारखं पाठीवर बसणारं यंत्र. खाणकाम, लाकूडतोड, नांगरणी, घरकाम अशा कामांचे उष्मांक या यंत्रामुळे मोजता आले. कुठल्या कामाला किती अन्न लागतं याचे जे तक्ते आहारशास्त्राच्या पुस्तकांत छापले गेले, त्यांच्यामागे अशी पाठीवर बांधलेली यंत्रं आहेत.

हे ज्ञान उपयोगी आहे, यात शंका नाही. आठ तास रेटता येईल असं काम माणसाच्या कमाल क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशापलीकडे जाऊ नये, हा श्रमशरीरशास्त्रातला ठोकताळा अशाच मोजमापांतून आला. पण त्याच डॉर्टमुंडच्या संस्थेत दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या काळात सक्तीने आणलेल्या कामगारांवर आहाराचे प्रयोग झाले. किती खायला दिलं तर किती काम निघतं, हा त्यांचा प्रश्न होता. यंत्र तेच आणि गणितही तेच. एका ठिकाणी ते माणसाला किती अन्न द्यायला हवं हे सांगतं, दुसऱ्या ठिकाणी किती कमी दिलं तरी चालेल हे. म्हणून माझ्या मते अंगावरच्या यंत्राचा इतिहास लिहिताना यंत्राच्या वर्णनाशी थांबून भागत नाही.

पुणे जिल्ह्यात या प्रश्नाचं एक फार महत्त्वाचं उत्तर कुठलंही यंत्र न बांधता मिळालं. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३पासून जिल्ह्यातल्या सहा गावांत गर्भवती स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ म्हणून तो जगभर ओळखला जातो. त्यातच डॉ. शोभा राव आणि सहकाऱ्यांनी या बाया दिवसभर काय काम करतात ते विचारून टिपलं : शेतातलं काम, पाणी आणणं, धुणं, घरकाम. २००३मध्ये निष्कर्ष छापून आला. गरोदरपणात ज्यांचं काम जास्त होतं, त्यांच्या बाळांचं जन्मवजन सरासरीने कमी भरलं. हे मोजायला फक्त प्रश्नावली होती आणि ती नीट विचारणारी, ऐकून घेणारी माणसं. हंडा किती खेपा आणला हे बाईला विचारलं की ती सांगते. मनगटावरच्या पावलांच्या मोजणीला हंड्यातलं पाणी दिसत नाही.

पावलांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ‘दिवसाला दहा हजार पावलं’ हा आकडा कुठल्या वैद्यकीय चाचणीतून आलेला नाही. १९६५मध्ये जपानमधल्या एका कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं, त्याचं नाव होतं ‘मानपो-केई’, म्हणजे दहा-हजार-पावलं-मापक. नाव लक्षात राहण्याजोगं होतं आणि तेच पुढे आरोग्याचं सूत्र झालं. बसून काम करणाऱ्या शहरी माणसासाठी ते वाईटही नाही. पण संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असं करत सराटीकडे जाते, तेव्हा तिच्याबरोबर चालणाऱ्या सत्तरीच्या आजींना, किंवा फडात दिवसभर उठबस करणाऱ्या तोडणीवालीला, हे सूत्र काय सांगणार? त्या दोघींना गरज आहे ती थांबायला कधी हवं हे सांगणाऱ्या यंत्राची. बाजारातली बहुतेक मनगटी यंत्रं ‘उठा, चाला’ म्हणायला शिकवलेली आहेत. ‘बसा, पाणी प्या’ म्हणायला त्यांना कुणी फारसं शिकवलेलं नाही.

बोटातला चिमटा

आपल्या तालुक्यांत घराघरांत पोचलेलं पहिलं अंगावरचं यंत्र घड्याळ नव्हतं. ते होतं ऑक्सिमीटर, आणि ते आलं २०२०मध्ये.

एप्रिल २०२०मध्ये बारामतीत ‘भिलवाडा पॅटर्न’ लागू झाला, घराबाहेर पडणं जवळजवळ बंद झालं. त्याच महिन्याच्या १८ तारखेला तोक्योत ताकुओ आओयागी वारले. बातमी इकडे कुणी वाचली नसेल, पण त्या वर्षी आपल्या प्रत्येकाच्या बोटाला लागलेला चिमटा त्यांच्या कल्पनेवर चालतो. १९७४मध्ये निहोन कोहदेन या कंपनीत ते रक्तप्रवाह मोजायचा प्रयत्न करत होते आणि नाडीच्या ठोक्यामुळे प्रकाशाच्या मोजणीत सारखी लाट येत होती. ती काढून टाकताना त्यांच्या लक्षात आलं की धमनीतलं रक्त तेवढंच ठोक्याबरोबर कमीजास्त होतं. मग लाल आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांतली फक्त ती लाट ताडून पाहिली, तर धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते सुईशिवाय कळेल. अडथळा वाटत होता तेच उत्तर निघालं.

१५ सप्टेंबर २०२०ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. आशाताई आणि स्वयंसेवक तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. आकडा ९५च्या खाली आला की पुढची तपासणी. माझ्या माहितीत तरी ग्रामीण महाराष्ट्राच्या अंगाचं एवढ्या मोठ्या प्रमाणावर, एवढ्या थोड्या दिवसांत, यंत्राने मोजमाप त्याआधी झालेलं नव्हतं. त्याचा फायदा खरा होता. दम न लागताच ऑक्सिजन उतरलेली माणसं यातून वेळेवर सापडली. पण मर्यादाही खऱ्या होत्या. त्या हिवाळ्यात इंदापूर तालुक्यातल्या एका खोपीवर मी एका आशाताईंना काम करताना पाहिलं. सकाळच्या गारठ्यात फडावरून आलेल्या बाईच्या बोटाला चिमटा लावला की आकडाच येईना. ताईंनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, ऊब आणली, मग आकडा आला. गार पडलेल्या बोटात रक्त कमी पोचतं, ठोक्याची लाट बारीक होते. नखावरचा रंग किंवा मेंदीही प्रकाशाची वाट अडवते. हे सगळं त्या ताईंना अनुभवाने माहीत होतं. यंत्राच्या आकड्यात त्यांच्या हातांची ऊब धरलेली असते, ती कुठे नोंदली जात नाही. पुढच्या वर्षी, जून २०२१मध्ये, राज्यातल्या आशा कार्यकर्त्या मानधनासाठी संपावर गेल्या, तेव्हा तरी ती आठवायला हवी होती.

आणखी एक गोष्ट कळायला उशीर झाला. डिसेंबर २०२०मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांचा एक अभ्यास आला. ऑक्सिमीटर ठीक सांगत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन धोकादायक कमी निघण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं आणि गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के. त्वचेतला रंग प्रकाश शोषतो आणि यंत्र चुकीचा दिलासा देतं. ही शंका १९९०मध्येच छापील स्वरूपात मांडली गेली होती. तरीही अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३च्या मार्गदर्शनानुसार ऑक्सिमीटरची अचूकता किमान १० निरोगी व्यक्तींवर तपासली की पुरे होतं आणि त्यांत गडद वर्णाच्या किमान दोन किंवा १५ टक्के व्यक्ती असल्या की चालत होतं. उन्हात रापलेल्या, कष्टाने घट्टे पडलेल्या हातांची लाखो माणसं ज्या देशात आहेत, तिथे हे यंत्र आलं ते अशा मोजक्या बोटांवरच्या चाचणीच्या जोरावर.

चाचणी म्हणजे काय

इथे वैद्यकीय संशोधनातला एक साधा भेद सांगायला हवा. यंत्र बरोबर मोजतं का, हा पहिला प्रश्न. बरोबर मोजल्याने माणसाचं भलं होतं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं मिळाल्यासारखं भासवलं जातं.

अ‍ॅपलच्या घड्याळाचा अभ्यास नोव्हेंबर २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४,१९,२९७ लोक होते. अनियमित ठोक्यांची सूचना मिळाली २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्क्यांना. त्यांना छातीवर लावायची पट्टी पाठवली गेली. ती वापरून परत पाठवलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांत हृदयाची ती विशिष्ट अनियमितता आढळली. इतक्या माणसांवर इतक्या झटपट अभ्यास होऊ शकतो, हे त्याने दाखवलं. पण घड्याळामुळे पक्षाघात टळले का, हा त्या अभ्यासाचा प्रश्न नव्हता. आणि भाग घ्यायची पहिली अट होती ती आयफोन आणि ते घड्याळ आधीच जवळ असण्याची. ज्याच्याकडे यंत्र आहे त्याच्यावर संशोधन, आणि ज्याच्यावर संशोधन त्याच्यासाठी पुढचं यंत्र, असं हे वर्तुळ आहे. फड त्याच्या बाहेर राहतो.

फडातही चाचणी होऊ शकते, हे मध्य अमेरिकेने दाखवलं. एल साल्वाडोर, निकाराग्वा इथे मधुमेह नसलेल्या, रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडं निकामी होत होती. २००२मध्ये एल साल्वाडोरमधून त्याची पहिली वैद्यकीय नोंद आली. उन्हातलं अतिश्रम आणि पाण्याची तूट हे त्याचं मोठं कारण असावं, असा अभ्यासकांचा कल झाला. मग निकाराग्वात संशोधकांनी कामगारांच्या हृदयगतीची यंत्राने नोंद ठेवली, पाळीच्या आधी आणि नंतर, हंगामाच्या आधी आणि नंतर रक्त तपासलं, आणि कारखान्याला विश्रांती, सावली आणि पाणी यांचं वेळापत्रक करायला लावलं. त्या सुधारणा नीट राबवल्या तेव्हा मूत्रपिंडाला इजा होण्याचं प्रमाण घटलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की तिथे यंत्राने कुणाला बरं केलं नाही. सावलीने केलं. यंत्राने सावलीची बाजू आकड्यांत मांडली, एवढंच. पण कारखान्याच्या संचालकांपुढे आकडा लागतो, हेही खरं.

फडावर यंत्र आलं तर

आता आपल्याकडे पाहू. २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीनुसार ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. सहातली एक. कारणं गुंतागुंतीची आहेत, पण त्यांतलं एक फडावर सगळ्यांना ठाऊक आहे : खाडा. नवरा-बायको मिळून एक कोयता, कोयत्यावर उचल, आणि एका दिवसाचा खाडा पडला की मुकादमाच्या वहीत वजावट. पाळी, गर्भारपण, ताप या सगळ्यांचा हिशेब खाड्यात होतो.

अशा व्यवस्थेत मनगटावर हृदयगती मोजणारं यंत्र बांधलं, तर त्याचा आकडा आधी कुठे जाईल? मला भीती वाटते ती मुकादमाच्या फोनवर जाण्याची. ही भीती हवेतली नाही. २०१८च्या सुमारास नागपूर महानगरपालिकेने आपल्या हजारो सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळं बांधली. ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की गैरहजेरी, पगारात कपात. त्यांत आपलं बोलणंही ऐकू जात असेल, अशी धास्ती अनेकींनी बोलून दाखवली. ते यंत्र आरोग्यासाठी नव्हतंच. पण मनगट तेच आहे, आणि एकदा पट्टा बांधला की आतला कार्यक्रम बदलायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे नियम आहेत. माणसांवरच्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदणी २००७पासून सुरू झाली, २००९पासून औषध-चाचण्यांना ती सक्तीची झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत दुर्बल गटांसाठी वेगळी काळजी सांगितली आहे. गटप्रमुखाने होकार दिला तरी प्रत्येकाची स्वतःची संमती वेगळी घ्यावी लागते, हेही त्यात आहे. फडाच्या भाषेत सांगायचं तर मुकादम ‘हो’ म्हणाला म्हणून कोयता ‘हो’ म्हणाला असं होत नाही. आणि कोयता ‘हो’ म्हणाला तरी त्यातली बाई ‘हो’ म्हणाली असं होत नाही. उचल अंगावर असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणता येतं का, हा प्रश्न कुठल्याही अर्जावरच्या अंगठ्याने सुटत नाही. त्याला कारखान्याने आधी लेखी सांगावं लागेल की भाग न घेतल्याने किंवा मध्येच सोडल्याने काही कापलं जाणार नाही, आणि यंत्राचा आकडा हजेरीला लागणार नाही.

तरीही अशी चाचणी होऊच नये असं मी म्हणणार नाही. बारामतीत २०१९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दोन्ही तालुक्यांत मिळून साखर कारखान्यांची दाटी आहे, आणि हंगामात हजारो कामगार ठरावीक जागी, ठरावीक महिने असतात. अभ्यासाला याहून सोयीची जागा सापडणार नाही. त्यात महागडी घड्याळंही लागत नाहीत. पाळीच्या आधी आणि नंतर वजन, म्हणजे घामात किती पाणी गेलं ते कळेल. हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांची खबर लागेल. काही जणांच्या छातीवर हृदयगतीचा पट्टा, तोही आठवड्यातून एखादा दिवस. आणि पुण्याजवळच्या त्या सहा गावांत झालं तसं, नीट विचारणं आणि ऐकून घेणं. कुणाचा आकडा बिघडला तर तिला औषध आणि पगारी विश्रांती मिळेल याची तजवीज आधी, मोजमाप नंतर. हा क्रम उलटा झाला तर ती पाहणी राहील, उपचार होणार नाही.

उसाच्या सेन्सरचा आकडा शेतकऱ्याच्या फोनवर जातो, कारण ऊस त्याचा आहे. तोच न्याय लावला तर नाडीचा आकडा जिची नाडी तिच्या हातात आधी जायला हवा, तिला कळेल अशा बोलीत. ‘पाणी द्या’ हा संदेश आपण उसासाठी मराठीत लिहायला शिकलो आहोत. ‘बसा, पाणी प्या, खाडा लागणार नाही’ हा संदेश लिहिणं तंत्रज्ञानाच्या दृष्टीने त्याहून सोपं आहे. त्यातले शेवटचे तीन शब्द कारखान्याने कबूल करायचे आहेत. यंत्र ते स्वतःहून लिहू शकत नाही.